तटाविना टिकलेले शहर

शहर कोठे वसावे, याविषयी आपले काही ठोकताळे ठरलेले असतात. नदीचा काठ हवा, डोंगराचा आडोसा हवा, बंदर किंवा घाटवाट हवी. यांतले काहीच नसेल तर निदान राजाची गादी तरी हवी. पूर्व हंगेरीतील डेब्रेत्सेन या शहरापाशी यांपैकी एकही गोष्ट नव्हती. रॉबर्ट टाउनसन नावाचा एक इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १७९३ साली हंगेरीत हिंडत असता येथे आला आणि त्याला मोठा अचंबा वाटला. वाहती नदी नाही, झरे नाहीत, जळण नाही, घरे बांधावयास दगड नाही. अशा उघड्या मैदानात हजारो माणसांनी वस्ती करावी ती कोणत्या सुखासाठी, असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. त्यात एका गोष्टीची भर घालावयास हवी. या गावाला दगडी तटही नव्हता. खंदक आणि कुंपण एवढाच काय तो बंदोबस्त. ज्या मुलखावरून दीडशे वर्षे फौजा येत-जात राहिल्या, जेथे तटबंदीची भक्कम शहरेही पडली, तेथे हे उघडे गाव टिकले. आज ते लोकसंख्येने हंगेरीतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. बुडापेस्टच्या पूर्वेस सुमारे २२० किलोमीटरवर असलेल्या या शहरात सुमारे दोन लाख लोक राहतात. ते कशाच्या बळावर टिकले आणि त्या टिकण्याची त्याने काय किंमत दिली, हे पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेऊ. १३६१ साली राजा पहिला लायोश याने डेब्रेत्सेनच्या रहिवाशांना आपला न्यायाधीश व आपले नगरमंडळ स्वतः निवडण्याचा अधिकार दिला. न्यायाधीश म्हणजे येथे केवळ निवाडे करणारा अधिकारी समजू नये. तोच नगराचा प्रमुख. पुढे १५२६ साली मोहाचच्या रणांगणावर तुर्कांनी हंगेरीच्या सैन्याची धूळधाण केली आणि तरुण राजा दुसरा लायोश मृत्यू पावला. १५४१ साली राजधानी बुडा तुर्कांच्या हाती गेली. राज्याचे तीन तुकडे झाले. पश्चिमेस व उत्तरेस हाब्सबुर्ग घराणे, मध्ये तुर्की सुलतान, पूर्वेस ट्रान्सिल्व्हानियाचे राजपुत्र. डेब्रेत्सेन या तिन्ही सत्तांच्या सांध्यावर सापडले.

अशा वेळी गावापुढे दोन वाटा असतात. एकाचा पक्ष धरून उरलेल्या दोघांशी वैर घ्यावे, किंवा तिघांपुढेही मान तुकवावी. डेब्रेत्सेनने दुसरी वाट धरली आणि ती कमालीच्या शिस्तीने चालविली. तिन्ही सत्तांना खंडणी द्यावयाची, तिघांचेही दूत सन्मानाने ठेवून घ्यावयाचे, आणि एकाकडून दुसऱ्यापासून अभयाचे कागद मिळवावयाचे. हे काम तलवारीने होणारे नव्हते. ते लेखणीने आणि थैलीने होणारे होते. नगरमंडळाच्या कामकाजाची दप्तरे १५४७ पासून लिहिलेली आहेत. कोणाला काय दिले, कोणाचा निवाडा काय झाला, कोणाच्या घरास आग लागली, सारे त्यांत नोंदलेले. या गावाचा तट कोणता, असे विचारले तर त्याचा पहिला चिरा हे दप्तर होय.

पण थैली भरावयाची कोठून? याचे उत्तर गावाबाहेरच्या गवताळ मैदानात आहे. शहराच्या पश्चिमेस होर्तोबाज नावाचे विस्तीर्ण माळरान पसरलेले आहे. लांब शिंगांची करड्या रंगाची हंगेरियन गुरे तेथे हजारांनी चरत. हे कळप पायी हाकीत व्हिएन्ना, न्यूरेंबर्ग, औग्सबुर्ग, व्हेनिस येथपर्यंत नेत. पश्चिम युरोपातील वाढत्या शहरांना मांस हवे होते आणि डेब्रेत्सेनच्या व्यापाऱ्यांना रोकड हवी होती. शेकडो कोसांच्या या वाटेवर लुटारू, शिपाई आणि जकातदार यांच्याशी गाठ ठरलेली. म्हणून गुराखीही हत्यारबंद असत. 'हायदू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रांगड्या गुराख्यांतूनच पुढे एक लढाऊ जमात तयार झाली. १६०४ साली बोच्काई इश्त्वान याने हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा याच हायदूंनी त्याला यश मिळवून दिले, आणि १६०६ च्या व्हिएन्ना तहाने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य मिळाले. बोच्काईने हायदूंना डेब्रेत्सेनच्या आसपास जमिनी दिल्या. त्या वस्त्यांच्या नावांत हायदू हा शब्द आजही आहे.

आता धर्माकडे वळू. सोळाव्या शतकाच्या मध्यास डेब्रेत्सेनने कॅल्व्हिनचा सुधारक पंथ स्वीकारला. १५६७ साली येथे भरलेल्या धर्मसभेने या पंथाचे मतपत्र मान्य केले आणि हंगेरीतील सुधारक चर्चची घडी येथून बसली. या सभेतील अग्रणी मेलियस पेतेर हा धर्मोपदेशक तर होताच, पण वनस्पतींवरचा हंगेरियन भाषेतील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७८ साली छापला गेला. डेब्रेत्सेनला पुढे 'कॅल्व्हिनचे रोम' असे नाव पडले. या नावात गौरव आहे, तसा थोडा टोमणाही आहे. काळा पोशाख, साधी राहणी, रविवारी सक्तीचे प्रवचन, नाचगाण्याविषयी संशय, आणि नगरमंडळाचा प्रत्येक घरावर डोळा, अशी ही नगरी होती. येथल्या सुस्थितीतील नागरिकाला 'त्सीविश' म्हणत. लॅटिनमधील नागरिकवाचक शब्द तो हाच. त्सीविश माणूस काटकसरी, हट्टी, अबोल, आणि परक्याला दाराच्या उंबऱ्यावरच उभा करणारा, अशी त्याची ख्याती आहे.

हा स्वभाव कशातून घडला ते समजणे कठीण नाही. १६६० साली तुर्की सेनापती सैदी अहमद पाशा याने खंडणीसाठी गावाची लूट केली. त्याच वर्षी शेजारचा नाग्यवाराद किल्ला पडला. तुर्क हटू लागले तेव्हा आता सुटलो असे लोकांस वाटले असेल. परंतु १६८६ साली हाब्सबुर्गांचा सेनापती काराफा याने याच गावातील प्रतिष्ठित नागरिकांचा अमानुष छळ करून रक्कम वसूल केली. मुक्तिदात्याची खंडणी शत्रूच्या खंडणीहून हलकी नसते, हा धडा डेब्रेत्सेन तेव्हा शिकले. १६९३ साली सम्राट लिओपोल्ड याने त्यास स्वतंत्र राजनगराची सनद दिली, पण तोवर गावाचे अंग पुरते सोलून निघाले होते.

आणि तरीही या दीडशे वर्षांत एक गोष्ट गावाने कधी बंद पडू दिली नाही. ती म्हणजे शाळा. डेब्रेत्सेनचे सुधारक महाविद्यालय आपली स्थापना १५३८ सालची मानते. राजाचे अनुदान नाही, सरदाराची जहागीर नाही. नगरमंडळ आणि गुरांचे व्यापारी हेच तिचे पोशिंदे. नाग्यवाराद पडल्यावर तेथील विद्यालयाचे गुरुशिष्य परागंदा झाले, त्यांना याच संस्थेने आपल्यात सामावून घेतले. विद्यार्थ्यांचे स्वतःचे मंडळ असे, त्याचे नियम व पदाधिकारी असत. सणासुदीला हे विद्यार्थी दूरदूरच्या खेड्यांत जाऊन प्रवचन करीत व शाळेसाठी धान्य-पैसा गोळा करून आणीत. एका अर्थी ही माधुकरीच. त्या बदल्यात शेकडो खेड्यांना शिक्षक याच विद्यालयातून मिळत. शहरात आग लागली की मोठाले सोटे घेऊन आग विझवावयास धावत तेही हेच विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नकाशांची टंचाई होती तेव्हा, बुदाई या प्राध्यापकाच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी तांब्याच्या पत्र्यांवर नकाशे कोरले आणि शाळांसाठी हंगेरियन भाषेतील नकाशासंग्रह छापला. पाच लाखांहून अधिक ग्रंथांचे संग्रहालय या विद्यालयाने जमविले आहे.

या संस्थेतील दोघा प्राध्यापकांची नावे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिला मारोती. तो अवघी एकोणतीस वर्षे जगला. पण तेवढ्यात त्याने १७३९ साली विद्यार्थ्यांचे गायकवृंद स्थापिले, ते आजही गाते, आणि १७४३ साली हंगेरियन भाषेत अंकगणिताचे पुस्तक लिहिले. दुसरा हात्वानी इश्त्वान. बाझेल येथे धर्मशास्त्र व वैद्यक शिकून आलेला हा गृहस्थ १७४९ पासून गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. परदेशी विद्यापीठांची बोलावणी नाकारून तो गावीच राहिला. १७५७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने संभाव्यतेचे गणित मांडले आणि गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी मोजून तेथे अर्भके किती मरतात याचा हिशेब केला. विजेचे प्रयोग करणारा हा माणूस सैतानाशी संगनमत करून आहे, अशी कुजबूज लोकांत होतीच. पुढे योकाई या कादंबरीकाराने त्याला 'हंगेरीचा फाउस्ट' म्हणून अजरामर केले. कथा मनोरंजक आहे. तथापि ज्या गावाने खंडणीचा पैन् पैचा हिशेब ठेवला, त्याच गावातील एका शिक्षकाने मेलेल्या मुलांचाही हिशेब मांडला, हे मला त्या दंतकथेहून अधिक मोलाचे वाटते.

तट म्हणजे संरक्षण खरे, पण तट म्हणजे बंदिस्तपणाही. ज्या शिस्तीने गाव जगले तीच त्याला आतून जाचू लागली. कॅथलिक पंथीयांना या गावात दीड शतकाहून अधिक काळ थारा नव्हता. १७१५ नंतरच त्यांना आपले देवालय बांधता आले. आपल्याच लेकरांशीही हे गाव कठोरपणे वागले. त्याचे बोलके उदाहरण चोकोनाई मिहाय याचे. १७७३ साली डेब्रेत्सेनमध्येच जन्मलेला हा हंगेरीचा मोठा कवी. विद्यालयात काव्याचा वर्ग शिकविताना तो मुलांना मोकळ्या हवेत नेई, नियमांची फारशी पत्रास ठेवीत नसे. १७९५ साली त्याला विद्यालयातून काढून टाकण्यात आले. पुढची दहा वर्षे त्याने आश्रय शोधीत घालविली. १८०२ च्या मोठ्या आगीत त्याचे व त्याच्या आईचे घर जळाले. १८०५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो त्याच गावी वारला.

त्याच्या मृत्यूनंतरचा वाद प्रसिद्ध आहे. काझिन्त्सी या साहित्यधुरीणाने सुचविले की, कवीच्या थडग्यावर आर्केडियाचा उल्लेख असलेले जुने वचन कोरावे. आर्केडिया म्हणजे कवींची स्वप्नभूमी. डेब्रेत्सेनच्या व्यवहारी मंडळींनी ग्रंथ उघडून पाहिला, तर आर्केडिया हा गाढवांना उत्तम चारा मिळणारा प्रदेश असल्याचे त्यांना आढळले! गावाचा अपमान झाला असे समजून त्यांनी हरकत घेतली आणि वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. अखेर १८३६ साली कवीच्या थडग्यावर लोखंडी स्मारक उभे राहिले आणि १८७१ साली इझो या शिल्पकाराने घडविलेला त्याचा पुतळा शहराच्या मध्यभागी बसला. आपल्या कवीला ओळखण्यास गावाला पाऊणशे वर्षे लागली. अशी गावे जगात पुष्कळ आहेत.

१८०२ च्या आगीत जुने देवालयही गेले होते. त्या जागी पेची मिहाय याच्या आराखड्यानुसार १८०५ ते १८२४ या काळात आजचे पिवळ्या रंगाचे, दोन मनोऱ्यांचे 'महामंदिर' उभे राहिले. आत भिंती पांढऱ्या, चित्र नाही, मूर्ती नाही. या कोऱ्या भिंतींच्या आत डेब्रेत्सेनच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस उगवावयाचा होता.

१८४८ साली हंगेरीत क्रांती झाली. वर्षाअखेरीस हाब्सबुर्ग फौजा पेस्टवर चालून आल्या, तेव्हा कोशुत लायोश आणि त्याचे सरकार, लोकसभा, राजमुकुट, नोटा छापण्याची यंत्रे, सारा संसार गाड्यांवर घालून जानेवारी १८४९ मध्ये डेब्रेत्सेनला आला. लोकप्रतिनिधींची सभा विद्यालयाच्या प्रार्थनागृहात भरू लागली. १४ एप्रिल १८४९ रोजी कोशुतने ही सभा महामंदिरात हलविली. आदल्या दिवशी बंद दाराआड विरोध झाला होता. आता दारे उघडी होती आणि आत लोकांची दाटी झाली होती. त्या गर्दीपुढे हाब्सबुर्ग घराण्यास पदच्युत केल्याची व हंगेरी स्वतंत्र झाल्याची घोषणा करण्यात आली. कोशुत ज्या खुर्चीवर बसला होता ती आजही तेथे दाखवितात.

जे गाव तीन धन्यांना खंडणी देऊन जगले, त्याच गावात 'आता धनी नको' हे शब्द उच्चारले जावेत, यात इतिहासाची थट्टा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मान तुकविणे आणि मन विकणे यांत अंतर असते. दीडशे वर्षे खंडणी देऊन या गावाने आपले नगरमंडळ, आपली शाळा, आपली भाषा आणि आपला धर्म राखला होता. म्हणून जेव्हा देशाला राजधानी उरली नाही तेव्हा येथे एक सभागृह, एक छापखाना आणि ऐकावयास येणारे सुजाण लोक तयार होते. घोषणेचे यश मात्र अल्पजीवी ठरले. हाब्सबुर्गांच्या मदतीला झार पहिला निकोलस याची सुमारे दोन लाख फौज आली. २ ऑगस्ट रोजी डेब्रेत्सेनच्या वेशीवर नाग्यशांदोर या सेनापतीची तुकडी रशियनांकडून हरली, १३ ऑगस्टला हंगेरीच्या मुख्य सेनेने शस्त्रे खाली ठेवली, आणि ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनाधिकाऱ्यांना देहान्त शिक्षा झाली. नाग्यशांदोर त्यांच्यापैकीच एक होता.

पुढची वर्षे वाढीची होती. १८५७ साली आगगाडी आली. विद्यालयाच्या उच्च शाखांतून विद्यापीठ निघाले. त्याचा कायदा १९१२ चा. मोरित्स झिग्मोंद याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीत या जुन्या विद्यालयाच्या वसतिगृहातील एका गरीब, प्रामाणिक मुलाची कहाणी सांगितली. मोठ्यांच्या जगाने त्या मुलावर खोटा आळ घेतला. हे जग म्हणजे प्रतिष्ठित त्सीविश डेब्रेत्सेनच होते. असे असूनही ही कादंबरी घरोघरी वाचली जाते.

याच काळात गावाचा दरवाजा आणखी एका समाजाला उघडला होता. स्वतंत्र राजनगरांत यहुद्यांनी वस्ती करण्यास १८४० च्या कायद्याने मोकळीक मिळाली. व्यापारी, वैद्य, वकील, कारागीर म्हणून ते डेब्रेत्सेनमध्ये रुजले. १८९३ साली पास्ती रस्त्यावर त्यांचे सभामंदिर झाले; शतक उलटता उलटता दुसरेही उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची संख्या सुमारे नऊ हजार होती. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापली. डेब्रेत्सेनच्या यहुद्यांना आधी कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबण्यात आले आणि जूनच्या अखेरीस आगगाड्यांतून छावण्यांकडे पाठविण्यात आले. काही गाड्या ऑस्ट्रियाकडे वळल्या आणि त्यांतले बरेच जण वाचले. उरलेल्या गाड्या आउशविट्झला गेल्या.

येथे थांबून विचार करावा लागतो. संकट ओळखून वागण्याची जी कला या गावाने शतकानुशतके जोपासली, ती त्याला स्वतःला वाचवू शकली. पण शेजाऱ्याला वाचविण्यास ती पुरली नाही. काराफाच्या छळाची आठवण पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या शहरातून हजारो माणसे दिवसाढवळ्या नेली गेली. चातुर्याने गाव टिकते, परंतु गाव कशासाठी टिकावे हे चातुर्याला ठाऊक नसते.

ऑक्टोबर १९४४ मध्ये शहराभोवती रणगाड्यांची मोठी लढाई होऊन सोव्हिएत सेना आत आली. २१ डिसेंबर रोजी देशाची हंगामी राष्ट्रसभा भरली, ती विद्यालयाच्या त्याच प्रार्थनागृहात. पंचाण्णव वर्षांनी डेब्रेत्सेन दुसऱ्यांदा राजधानी झाले. युद्धानंतर शाळा सरकारजमा झाल्या. १९५२ नंतर चार दशके देशात सुधारक पंथाचे एकच माध्यमिक विद्यालय चालू राहिले, ते डेब्रेत्सेनचे. तेथेही पुन्हा तोच जुना मार्ग कामी आला असला पाहिजे: थोडे द्यावयाचे, थोडे राखावयाचे, आणि वर्ग बंद पडू द्यावयाचा नाही.

शेवटी महामंदिराच्या मागील बागेतील एका स्तंभाविषयी सांगतो. १६७४ साली पोझोन्य येथील हाब्सबुर्ग न्यायासनाने प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांवर खटले भरले. जे आपले मत सोडीनात त्यांतील काहींना नेपल्स येथे वल्ह्यांच्या युद्धनौकांवर गुलाम म्हणून विकण्यात आले. ११ फेब्रुवारी १६७६ रोजी द रॉइटर या डच नौसेनापतीने जिवंत उरलेल्या २६ जणांची सुटका केली. त्यांच्या स्मरणार्थ १८९५ साली हा स्तंभ उभारला गेला. १८ ऑगस्ट १९९१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल डेब्रेत्सेनला आले आणि त्यांनी या स्तंभापाशी पुष्पचक्र वाहिले. ज्या धर्मपीठाच्या नावाने ते खटले झाले त्याचा प्रमुख, ज्या शहरात त्याच्या पंथाला एके काळी प्रवेश नव्हता त्या शहरात, त्या गुलाम उपदेशकांपुढे नतमस्तक झाला.

टाउनसनच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नदी, दगड, जळण यांवाचून हे गाव जगले, कारण त्याने हिशेब राखला आणि शाळा राखली. त्याचा खरा तट तोच. त्या तटाची दारे त्याने ज्या ज्या वेळी मिटून घेतली त्या त्या वेळी ते सुरक्षित राहिले असेल. पण निर्वासित विद्यार्थ्यांना आत घेतले तेव्हा, १८४९ साली महामंदिराची दारे उघडली तेव्हा, आणि १९९१ साली जुन्या वैऱ्याला स्तंभापर्यंत वाट करून दिली तेव्हा ते मोठे झाले.